नफ्याचे विष आणि अनुदानाचे थेंब : अफूजन्य व्यसनांचा प्रश्न व बंगळूर

(बंगळूर येथील कामगार अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा मजकूर)



बंगळूरचे नाव आज जगाच्या बाजारात संगणक-उद्योगाची राजधानी म्हणून घेतले जाते. या लौकिकाची दुसरी बाजू पाहावयाची असेल, तर होसूर रस्त्यावरील राष्ट्रीय मानसिक आरोग्य व मज्जाविज्ञान संस्थेच्या, म्हणजेच ‘निमहान्स’च्या, बाह्यरुग्ण विभागात सकाळी जावे. कर्नाटकाच्या दूरदूरच्या जिल्ह्यांतून, तामिळनाडूतून, आंध्रातून रात्रीच्या बसने आलेली कुटुंबे तेथे रांगेत उभी असतात. त्यांपैकी जी व्यसनोपचारासाठी आलेली असतात त्यांची व्यथा दुहेरी असते. आजार तर आहेच; परंतु तो आजार आहे हे मान्य करावयास समाज तयार नाही, आणि राज्यकर्ते ते मान्य करतात तेव्हा केवळ भाषणात करतात, अंदाजपत्रकात नव्हे.

निमहान्स ही कोणा धनिकाच्या दानधर्मातून उभी राहिलेली संस्था नाही. म्हैसूर राज्याचे जुने मनोरुग्णालय आणि अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था यांचे १९७४ मध्ये एकत्रीकरण होऊन ती निर्माण झाली. १९९१ मध्ये तेथे स्वतंत्र व्यसनमुक्ती विभाग सुरू झाला आणि त्याचेच आज व्यसनवैद्यक केंद्र झाले आहे. सार्वजनिक पैशातून, सार्वजनिक नोकरीत असलेल्या डॉक्टर-परिचारिकांच्या श्रमातून काय उभे राहू शकते, याचा हा जिवंत पुरावा होय. मग हाच उपचार बिदर, कलबुर्गी, रायचूरच्या शेतमजुराला वा निपाणीच्या विडी कामगाराला स्वतःच्या तालुक्यात का मिळू नये? शेकडो किलोमीटरांचा प्रवास, बुडालेली मजुरी आणि सोबत येणाऱ्या माणसाचीही बुडालेली मजुरी हा त्याच्या औषधाचा भाग का व्हावा? आजच्या विषयाचा गाभा हा आहे, आणि त्याचे उत्तर सरकारी अनुदानाच्या पद्धतीत दडलेले आहे.

त्या पद्धतीकडे वळण्यापूर्वी थोडा इतिहास लक्षात घेतला पाहिजे. कारण व्यसन म्हणजे व्यक्तीच्या मनाचा दुबळेपणा, असा उपदेश करणाऱ्यांना इतिहास नेहमीच अडचणीचा वाटतो. अफूचा व्यापार हा ब्रिटिश साम्राज्याच्या तिजोरीचा एक आधारस्तंभ होता. बंगालच्या अफूवर ईस्ट इंडिया कंपनीची मक्तेदारी होती. शिंदे-होळकरांच्या संस्थानांतील माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जात असे आणि तिच्या परवान्यावर कंपनी कर उकळत असे. मुंबईतील कित्येक मोठ्या व्यापारी घराण्यांचा उदय याच व्यापारात झाला. चीनने ही आयात रोखू पाहिली तेव्हा १८३९ ते १८४२ आणि पुन्हा १८५६ ते १८६० या काळात तोफांच्या बळावर त्याला नमविण्यात आले. कार्ल मार्क्सने १८५८ मध्ये ‘न्यूयॉर्क डेली ट्रिब्यून’ या पत्रात अफूच्या या व्यापारावर लेख लिहून ब्रिटिश राज्यकर्त्यांच्या दांभिकतेवर बोट ठेवले होते.

आणि देशात काय चालले होते? गिरणगावात कापड गिरणीत राबणाऱ्या स्त्रिया पाळीवर जाण्यापूर्वी तान्ह्या मुलाला अफूची ‘बाळागोळी’ देत. पाळणाघर नाही, बाळंतपणाची रजा नाही, मुकादम दारात थांबू देत नाही; मूल झोपून राहिले तरच दिवसाचा खाडा टळणार. १९२०च्या दशकात मुंबई सरकारने केलेल्या चौकशीतही ही गोष्ट उघड झाली होती. त्या मातांना कोणी व्यसनाचा प्रसार करणाऱ्या म्हणावे काय? बाळागोळी मागे हटली ती उपदेशाने नव्हे. प्रसूतिविषयक कायदा, पाळणाघरांची सक्ती आणि त्यांच्यासाठी लढलेल्या कामगार चळवळीचा त्यात मोठा वाटा आहे.

स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेच्या ४७व्या अनुच्छेदाने आरोग्यास घातक असलेल्या मादक पदार्थांच्या सेवनास औषधी उपयोगाखेरीज बंदी आणण्याचे कर्तव्य राज्यावर सोपविले. १९८५ मध्ये अमली पदार्थविषयक कायदा झाला. तो काळ ‘गर्द’चा होता. मुंबई-पुण्याच्या वस्त्यांत ब्राऊन शुगरने शेकडो घरे पोखरली होती आणि ‘गर्दुल्ला’ हा शब्द मराठीत रूढ होत होता. अनिल अवचट यांनी या विषयावर लिहिले, डॉ. अनिता अवचट यांनी १९८६ मध्ये येरवडा मनोरुग्णालयाच्या आवारात ‘मुक्तांगण’ सुरू केले, पु. ल. देशपांडे यांनी त्यास आर्थिक हातभार लावला. या कार्याविषयी आदरच बाळगला पाहिजे. परंतु एका राज्यात एक मुक्तांगण उभे राहावे आणि तेही एका डॉक्टर स्त्रीच्या जिद्दीवर व एका साहित्यिकाच्या देणगीवर, हे त्या राज्याच्या आरोग्यखात्याला भूषणावह नाही.

कायद्याच्या तरतुदी पाहिल्या तर त्यात दोन हात दिसतात. एका हातात दंडुका आहे : कलम २७ अन्वये केवळ सेवनासाठीही तुरुंगवास होऊ शकतो. दुसऱ्या हातात औषध आहे : कलम ७१ सरकारला उपचारकेंद्रे काढण्याचा अधिकार देते, कलम ६४-अ स्वखुशीने उपचार घेणाऱ्या व्यसनग्रस्ताला काही मर्यादेत खटल्यापासून संरक्षण देते, आणि कलम ७-अ नुसार अमली पदार्थांच्या नियंत्रणासाठी एक राष्ट्रीय निधीही स्थापन होतो, ज्यात केंद्राचे पैसे, देणग्या आणि जप्त मालमत्तेच्या विक्रीची रक्कम जमा व्हावयाची असते. चाळीस वर्षांत पहिला हात बळकट झाला, दुसरा लुळाच राहिला. २०२० मध्ये बंगळूरमध्ये काही चित्रपट कलावंतांना अमली पदार्थांच्या प्रकरणात अटक झाली, तेव्हा महिनोन्‌महिने वृत्तवाहिन्यांवर त्याखेरीज विषय नव्हता. त्या गोंगाटात शहरातील सरकारी रुग्णालयांत व्यसनोपचाराच्या खाटा किती, तेथे समुपदेशकांच्या किती जागा रिक्त, असा एकही प्रश्न ऐकू आला नाही.

आता आकड्यांकडे वळू या. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या ‘एम्स’मधील राष्ट्रीय व्यसनोपचार केंद्राने केलेली पाहणी फेब्रुवारी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. देशात अफू, हेरॉईन व तत्सम वेदनाशामक औषधे यांचे सेवन करणारे सुमारे २ कोटी २६ लक्ष लोक असून त्यांपैकी सुमारे ७७ लक्ष लोकांना मदतीची गरज आहे, असा तिचा निष्कर्ष होता. अशा पदार्थांच्या सेवनाचे भारतातील प्रमाण जागतिक सरासरीच्या सुमारे तिप्पट आढळले. आणि बेकायदा अमली पदार्थांवर अवलंबून असलेल्या दर वीस जणांपैकी एकालाच कधीतरी रुग्णालयात राहून उपचार मिळाले होते.

याच्या शेजारी सरकारी तरतूद ठेवावी. मादक पदार्थांची मागणी कमी करण्याच्या राष्ट्रीय कृती योजनेसाठी २०२३-२४च्या केंद्रीय अंदाजपत्रकात ३११ कोटी रुपये धरले होते. ही सर्वच्या सर्व रक्कम केवळ या ७७ लक्ष रुग्णांवर खर्च झाली असे क्षणभर मानले, तरी दर माणशी वर्षाला सुमारे चारशे रुपये पडतात. दिवसाला एक रुपया दहा पैसे! वस्तुतः याच रकमेतून दारूचे, गांजाचे, इतर सर्व व्यसनांचे काम चालावयाचे आहे आणि फलक, मिरवणुका, शपथविधी यांचा खर्चही त्यातच बसवावयाचा आहे. १५ ऑगस्ट २०२० रोजी २७२ जिल्ह्यांत ‘नशामुक्त भारत अभियान’ सुरू झाले. किती कोटी लोकांनी शपथ घेतली हे सरकार वारंवार सांगते. अफूवर शरीर अवलंबून असलेल्या तरुणाला शपथेने काय होते, हे त्याच्या आईला विचारावे.

परंतु तरतूद अपुरी आहे एवढे म्हणून थांबणे बरोबर नाही. पैसा कोणत्या वाटेने जातो ते पाहिले पाहिजे. खरी गोम तेथे आहे. व्यसनाचा एकच रुग्ण चार खात्यांत वाटला गेला आहे. रुग्णालयांतील उपचार आरोग्य मंत्रालयाकडे. सुईने अमली पदार्थ टोचून घेणाऱ्यांसाठीचा पर्यायी औषधोपचार एड्स नियंत्रण संघटनेकडे. व्यसनमुक्ती केंद्रांची अनुदाने सामाजिक न्याय मंत्रालयाकडे. आणि तो राष्ट्रीय निधी अर्थ मंत्रालयाच्या महसूल विभागाकडे. पोलिसी कारवाईचे गृह मंत्रालय ते निराळेच. सामाजिक न्याय मंत्रालयाने १९८५-८६ पासून जी पद्धत स्वीकारली ती म्हणजे स्वयंसेवी संस्थांना अनुदान देऊन त्यांच्याकरवी केंद्रे चालविणे. संस्थेने अर्ज करावयाचा, राज्य सरकारने शिफारस करावयाची, तपासणी व्हावयाची, मग हप्ता सुटावयाचा; खर्चाचे उपयोगिता प्रमाणपत्र गेल्यानंतर पुढचा हप्ता. अर्ज आता ‘ई-अनुदान’ संकेतस्थळावर भरला जातो. कागदाची फाईल गेली, पण वाट पाहणे गेले नाही. तेथील समुपदेशक, परिचारिका, मदतनीस यांना पगार नसतो, ‘मानधन’ असते. मान किती आणि धन किती हे त्यांनाच ठाऊक! हप्ता लांबला की मानधन लांबते, मानधन लांबले की अनुभवी माणूस नोकरी सोडतो, आणि ज्या रुग्णाने मोठ्या कष्टाने त्या एका माणसावर विश्वास टाकला होता, तो पुन्हा दारातून परत फिरतो. आशा कर्मचारी, अंगणवाडी सेविका, बंगळूरचे सफाईचे काम करणारे पौरकार्मिक यांना ही पद्धत चांगली परिचित आहे. कायम स्वरूपाचे काम आणि हंगामी स्वरूपाचा मोबदला, हेच तिचे सूत्र.

याहूनही गंभीर गोष्ट आहे. अनुदानाचे स्वरूप उपचाराचे स्वरूप ठरविते. केंद्राला पैसा मिळतो तो खाटांच्या हिशेबाने, पंधरा खाटांचे केंद्र, तीस खाटांचे केंद्र असा. रुग्ण काही आठवडे राहिला, शरीरातील विष उतरले, घरी गेला, की नोंदवहीत तो ‘उपचार पूर्ण’ झाला. वैद्यकशास्त्र मात्र वेगळेच सांगते. अफूजन्य पदार्थांचे अवलंबित्व हा मधुमेहासारखा दीर्घकाळ चालणारा विकार आहे. केवळ विष उतरवून सोडून दिलेल्यांपैकी बहुतेकांना तो पुन्हा गाठतो. मध्यंतरी शरीराची सहनशक्ती उतरलेली असते. अशा वेळी जुन्याच मात्रेने माणूस दगावण्याचा धोका वाढतो. म्हणून ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन ही औषधे महिनेच नव्हे तर वर्षानुवर्षे, देखरेखीखाली द्यावी लागतात. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्येच या दोन्ही औषधांचा आवश्यक औषधांच्या यादीत समावेश केला. या उपचारावर असलेला माणूस कामावर जातो, मुले शाळेत घालतो, चोरीला प्रवृत्त होत नाही. त्याला खाट नको असते. त्याला घराजवळचा दवाखाना, दररोजची वा आठवड्याची गोळी आणि ओळखीचा डॉक्टर हवा असतो. पण वर्षाच्या कराराने आणि सहामाही हप्त्याने चालणारे केंद्र पाच वर्षांच्या उपचाराची हमी देणार कसे?

सार्वजनिक व्यवस्था ही हमी देऊ शकते, याचे उदाहरण कर्नाटकातच आहे. १९८०च्या दशकात निमहान्सच्या डॉक्टरांनी बळ्ळारी जिल्ह्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांतील डॉक्टरांना व आरोग्यसेवकांना प्रशिक्षण देऊन मनोविकारांचा उपचार गावपातळीवर नेऊन दाखविला. त्याच ‘बळ्ळारी प्रयोगा’वर १९९६ पासूनचा जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आधारलेला आहे. अलीकडे हीच संस्था दूरदृश्य पद्धतीने इतर राज्यांतील जिल्हा डॉक्टरांना व्यसनोपचाराचे प्रशिक्षण देते, आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘टेलि-मानस’ या १४४१६ क्रमांकाच्या दूरध्वनी सेवेची ती शिखर संस्था आहे. म्हणजे ज्ञान आहे, प्रशिक्षक आहेत, पद्धतही सिद्ध झालेली आहे. नाही ते जिल्हा रुग्णालयातील कायम पद आणि औषधाचा अखंड पुरवठा. दूरध्वनीवर सल्ला मिळेल. गोळी दूरध्वनीतून येत नाही.

पंजाबमध्ये ऑक्टोबर २०१७ पासून सरकारी बाह्यरुग्ण केंद्रांतून ब्युप्रेनॉर्फिनचा उपचार मोफत देण्यास प्रारंभ झाला. तेथेही खाजगी केंद्रांनी याच औषधाचा धंदा मांडल्याच्या तक्रारी झाल्या. तरीही हजारो कुटुंबांना या सरकारी केंद्रांनी आधार दिला हे मान्य केले पाहिजे. केरळात डाव्या लोकशाही आघाडीच्या सरकारने नोव्हेंबर २०१६ मध्ये ‘विमुक्ती’ मोहीम हाती घेतली आणि चौदाही जिल्ह्यांत सरकारी रुग्णालयांशी जोडलेली व्यसनमुक्ती केंद्रे उभारली. केरळात प्रश्न सुटला असे कोणी म्हणणार नाही, तेथे रासायनिक मादक पदार्थांचे नवे संकट उभे आहे. फरक एवढाच, की तेथे रुग्णाच्या कुटुंबाला जाब विचारण्यासाठी सरकारी दार आहे.

आता औषध कंपन्यांकडे वळले पाहिजे, कारण आजचे अफूजन्य व्यसन केवळ सीमेपलीकडून येणाऱ्या पुडीत नसून औषधाच्या पाकिटातही आहे. २०१९च्या पाहणीत हेरॉईनच्या खालोखाल प्रमाण आढळले ते औषधी गोळ्यांच्या गैरवापराचे. ट्रॅमाडॉल हे वेदनाशामक एप्रिल २०१८ मध्ये अमली पदार्थांच्या कायद्याखाली आले; त्यानंतर त्याच जातीच्या टॅपेंटाडॉलचे व्यसन जडलेल्या रुग्णांच्या नोंदी भारतीय वैद्यकीय नियतकालिकांत येऊ लागल्या. एक दार लावले की नफा दुसरे दार उघडतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये बीबीसीच्या शोधपत्रकारांनी उघड केले, की मुंबईची एव्हिओ फार्मास्युटिकल्स ही कंपनी टॅपेंटाडॉल आणि कॅरिसोप्रोडॉल यांचे घातक मिश्रण घाना, नायजेरिया, आयव्हरी कोस्ट या देशांत पाठवीत होती. बातमी जगभर झाल्यावर केंद्रीय औषध नियंत्रकांनी या मिश्रणाच्या निर्यातीची परवानगी रद्द केली. एके काळी मुंबई बंदरातून चीनकडे गेलेली पेटी आणि पश्चिम आफ्रिकेकडे गेलेले हे खोके यांत वर्गीयदृष्ट्या फरक कोणता?

या नाण्याची दुसरी बाजू तितकीच क्रूर आहे. अफूची कायदेशीर लागवड मध्य प्रदेश, राजस्थान व उत्तर प्रदेशात होते, गाझीपूर व नीमच येथे तिचे सरकारी कारखाने आहेत. आणि १९८५च्या कायद्याच्या किचकट परवान्यांमुळे पुढील बारा वर्षांत देशातील वैद्यकीय मॉर्फिनचा वापर सुमारे ९७ टक्क्यांनी घसरला! कर्करोगाचे रुग्ण वेदनेने तळमळत राहिले. २०१४च्या दुरुस्तीने परवान्यांचे जंजाळ काहीसे सोडविले. ज्याला मॉर्फिन हवे त्याला ते नाही, आणि ज्याच्यापासून गोळी दूर ठेवावयाची त्याच्या हाती ती सहज पोचते. बाजाराचा न्याय तो हाच.

अमेरिकेचे उदाहरण तर डोळे उघडणारे आहे. सॅकलर कुटुंबाच्या मालकीच्या पर्ड्यू फार्मा कंपनीने १९९६ मध्ये ऑक्सिकॉन्टिन ही गोळी बाजारात आणली आणि तिचे व्यसन लागण्याचा धोका एक टक्क्याहून कमी, असे डॉक्टरांच्या गळी उतरविले. २००७ मध्ये कंपनीने गुन्हा कबूल करून सुमारे ६० कोटी डॉलर दंड भरला आणि विक्री चालूच ठेवली. मालक कुटुंबाने कंपनीतून दहा अब्ज डॉलरांहून अधिक रक्कम काढून घेतली. २०२१ या एका वर्षात अमेरिकेत अफूजन्य पदार्थांच्या अतिमात्रेने ८० हजारांहून अधिक माणसे मेली. खाणी आणि कारखाने बंद पडलेले प्रांत त्यात आघाडीवर होते. २०२२ मध्ये तीन घाऊक वितरक आणि जॉन्सन अँड जॉन्सन यांच्याशी २६ अब्ज डॉलरांचा समझोता झाला. त्यातील किमान ८५ टक्के रक्कम या संकटाच्या निवारणावरच खर्चावी अशी अट घालण्यात आली. तरीही काही ठिकाणी त्या पैशातून पोलिसांच्या मोटारी घेतल्या गेल्या. आणि मार्च २०२५ मध्ये ट्रम्प सरकारने व्यसनोपचार व मानसिक आरोग्याची सुमारे एक अब्ज डॉलरांची अनुदाने एका फटक्यात रद्द केली, तेव्हा राज्यांना न्यायालयाचे दार ठोठवावे लागले. जगातील सर्वांत श्रीमंत देशातही अनुदान म्हणजे हक्क नव्हे, हे यावरून दिसते.

तरी त्यातील एक गोष्ट घेण्यासारखी आहे : ज्याने विष विकले त्याच्याकडून उपचाराचा खर्च वसूल करता येतो. भारतात वेदनाशामकांच्या उत्पादकांवर असा उपकर नाही. कर्नाटक सरकारला २०२३-२४ मध्ये मद्यावरील उत्पादन शुल्कातून ३४ हजार कोटींहून अधिक महसूल मिळाला. त्यातला निश्चित हिस्सा व्यसनोपचारासाठी राखून ठेवण्याचे बंधन का असू नये?

कामगार चळवळीतही एक मत अधूनमधून ऐकू येते, की व्यसनी माणूस हा बेभरवशाचा, मालकाला फितणारा, तेव्हा त्याच्यासाठी संघटनेची शक्ती का खर्चावी. हे मत पूर्णपणे त्याज्य आहे. १९८०-८१ मध्ये बंगळूरच्या सार्वजनिक क्षेत्रातील सव्वा लाख कामगारांनी सत्त्याहत्तर दिवसांचा संप लढविला. त्या कारखान्यांत कायम नोकरी होती, वैद्यकीय सोय होती, आजारी कामगाराला परत येण्यासाठी यंत्र राखलेले होते. त्यांच्या पुढच्या पिढीला ठेकेदाराची बारा तासांची पाळी आणि मोटारसायकलीवरून घरोघर डबे पोचविण्याचे काम मिळाले आहे. पाठदुखीवर गोळी घेऊन तो पुढची फेरी करतो. त्याला उपचारासाठी भरपगारी रजा नाही, आणि व्यसन उघड झाले तर उद्या काम नाही. उपचार घेणाऱ्याला कामावरून काढता येणार नाही, ही अट वेतनकरारात आणि ठेकेदारी कामातही घालून घेणे हे कामगार संघटनांचेच काम आहे, ते कोणतेही अनुदान करणार नाही.

राष्ट्रीय कृती योजनेचा मूळ कालखंड २०२५ मध्ये संपला आणि सप्टेंबर २०२५ पासून बंगळूर महानगराचा कारभार पाच महापालिकांत विभागला गेला आहे. नव्या तरतुदी ठरण्याचा हा काळ आहे. शहरात प्रभागनिहाय ‘नम्म क्लिनिक’ आधीच आहेत. ते निमहान्सशी जोडले जावेत, तेथे ब्युप्रेनॉर्फिनचा परवाना व साठा असावा, समुपदेशकांची पदे मानधनावर न राहता कायम वेतनश्रेणीत भरली जावीत आणि चांगले काम करणाऱ्या स्वयंसेवी केंद्रांतील अनुभवी कर्मचाऱ्यांना त्या पदांवर प्रथम सामावून घ्यावे, या मागण्या महापालिकांपुढे व राज्य सरकारपुढे मांडता येतील. अनुदानाचा हप्ता वर्षारंभी आगाऊ मिळावा आणि खर्चाचा हिशेब वस्तीतील लोकांपुढे वाचला जावा, हेही त्यात हवे. पीण्याच्या कारखान्यातील वा कापडशिलाईच्या कामावरील माणूस दिवसपाळी सुटल्याखेरीज दवाखान्यात येऊ शकत नाही. तेव्हा या केंद्रांची वेळ ठरविताना ती रात्री नऊपर्यंत असावी आणि रविवारीही औषध मिळावे, ही मागणी निवेदनात पहिल्या क्रमांकावर घालावी लागेल.